मेतेओरात दोन मुक्काम: मठ बघायचे की मठांचे फोटो काढायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीसला जाताय, त्यात मेतेओराला दोन मुक्काम. बरोबर पत्नी आणि 68 वर्षांच्या आई, त्यांचे गुडघे दुखतात. कड्यांवरचे सहाही मठ बघून होतील का, लेन्स कोणत्या न्याव्यात, ड्रोन न्यावा का, आणि ‘सगळीकडे दिसतात तसे’ फोटो मिळायला काय करावं लागेल?

ड्रोनचं आधी उरकते. घरी ठेवा. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर ड्रोन उडवायला तिथल्या संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते, आणि ती आपल्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांना उभ्याउभ्या मिळत नाही. शिवाय त्या कड्यांच्या कपारींत गिधाडांची घरटी असतात आणि मठांत माणसं प्रार्थनेला बसलेली असतात. दोघांच्या डोक्यावर घोंघाट करून मिळणारा फोटो मला तरी नको.

आता मूळ मुद्दा. मी गेली बारा वर्षं छोटे गट घेऊन ग्रीसला जाते, मेतेओराला नऊ वेळा गेले आहे, आणि तुमचा प्रश्न जवळपास ह्याच शब्दांत प्रत्येक गटात कोणीतरी विचारतं. माझ्या मते त्यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. मठ बघणं हे एक काम आणि मठांचे फोटो काढणं हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी करायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पहिल्या खेपेला, जूनमध्ये, एका दिवसात सहापैकी पाच मठ उरकले (एक बंद होता). रात्री खोलीवर मोजले तर नऊशेच्या वर फोटो होते. बहुतेकांत एक अंगण, एक कठडा, कठड्यापलीकडे पांढुरकं आकाश आणि कडेला कोणाची तरी टोपी. कड्यावर टेकलेला मठ एकाही फोटोत नव्हता. कसा असणार? मी दिवसभर त्या मठांच्या आतच होते ना! राजगड बघायचा तर तोरण्यावर उभं राहावं लागतं, हे ट्रेकिंग केलेल्या माणसाला सांगावं लागू नये. पण परक्या देशात गेलं की आपण घरची शहाणपणं विमानतळावरच सोडतो.

सुदैवाने मेतेओराचं वेळापत्रकच आपल्या सोयीचं आहे. मठ उघडतात साधारण सकाळी नऊच्या सुमाराला आणि दुपारी तीन-चार-पाचला बंद होतात. म्हणजे दारं उघडी असतात तेव्हा ऊन डोक्यावर, आणि फोटोंसाठी चांगलं ऊन असतं तेव्हा दारं बंद. ह्याची लोक तक्रार करतात, मला ती मोठी सोय वाटते. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचं, दिवसा कॅमेरा पिशवीत घालून आत जायचं. दोन मुक्काम म्हणजे तुम्हाला दोन संध्याकाळी आणि दोन पहाटा मिळतात. तेवढ्या भरपूर आहेत.

ठिकाणाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते, कारण कुठे उभं राहायचं हे त्यावरच ठरतं. मध्य ग्रीसमधल्या थेस्सलीच्या सपाट प्रदेशाच्या कडेला, पिंडोस पर्वत सुरू होतो तिथे, हे सुळके उभे आहेत. पायथ्याला दक्षिणेकडे कलांबाका हे गाव, आणि पश्चिमेच्या बाजूला सुळक्यांना अगदी चिकटून कस्त्राकी हे खेडं. आपल्याला सवय सह्याद्रीच्या काळ्या कातळाची, एकावर एक चढलेल्या लाव्हाच्या थरांची. इथला दगड पूर्ण वेगळा. कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीने पाण्यात आणून टाकलेले गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेला हा खडक. भूगोलाच्या पुस्तकात ह्याला पिंडाश्म म्हणतात. जवळ जाऊन बघा, हात लावून बघा: लिंबाएवढे, नारळाएवढे गुळगुळीत गोटे भिंतीत बसवल्यासारखे दिसतात, आणि जिथला गोटा निसटलाय तिथे वाटीसारखा खळगा. पाण्याचे ओघळ उतरून कड्यांवर उभ्या काळ्या रेघा पडल्या आहेत. बारकावा टिपायचा असेल तर ह्या रेघा आणि हे खळगे टिपा, पण त्यासाठी ऊन तिरकं हवं. बाराच्या उन्हात तो अख्खा कडा सिमेंटच्या टाकीसारखा दिसतो.

ह्या कपारींत आधी एकेकटे तपस्वी राहायचे. चौदाव्या शतकात आथोसच्या पवित्र पर्वतावरून आलेल्या अथानासिओस नावाच्या साधूने सगळ्यात रुंद सुळक्यावर मठ उभारला. त्या सुळक्याला त्याने ‘मेतेओरो’ म्हटलं, म्हणजे हवेत लटकलेला, अधांतरी. पुढे ते नाव सगळ्या परिसराला पडलं. 1388 मध्ये त्याचाच शिष्य योआसाफ, जो राजघराणं सोडून साधू झाला होता, त्याने तिथलं चर्च वाढवून बांधलं. भरभराटीच्या काळात इथे चोवीस मठ होते. आज सहा नांदते आहेत, त्यांतले दोन साध्वींचे. जिने आणि पूल गेल्या शतकातले, 1920 च्या दशकातले. त्याआधी माणूस असो की पिठाचं पोतं, वर जायचं ते दोरखंडाच्या जाळ्यात बसून, नाहीतर कड्याला लटकवलेल्या शिड्यांवरून. दोर कधी बदलता, असं विचारलं की साधू म्हणत, ‘देव तोडतो तेव्हा’. ही गोष्ट तिथे प्रत्येक गाइड सांगतो, तुम्हालाही ऐकावी लागेल.

तर, सहा होतील का? गाडी असेल, कोणीच बंद नसेल आणि आई बरोबर नसतील तर धावतपळत एका दिवसात पाच होतील. पण प्रत्येक मठाचा आठवड्यातला बंद दिवस वेगळा असतो, आणि हिवाळ्याचं वेळापत्रक लागू झालं की तो दिवसही बदलतो, वेळाही आखडतात. एखादा मठ दुपारी मधेच दोनेक तास बंद ठेवतात. तुमच्या तारखा नेमक्या ह्या बदलाच्या सांध्यावर आहेत. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या वेळा धरू नका (माझ्याही नकोत). पोहोचल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर विचारा, तिथे बहुतेक सगळ्यांकडे चालू महिन्याचा छापील कागद असतो.

आणखी दोन गोष्टी तुमच्या आठवड्यातच येतात. एक, 28 ऑक्टोबर. 1940 साली ह्या दिवशी ग्रीसने मुसोलिनीच्या निर्वाणीच्या इशाऱ्याला ‘नाही’ म्हटलं, त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. चर्चचा सणही त्याच दिवशी. गावात पोरांची संचलनं असतात, ती बघायला छान, पण सुट्टी जोडून आलेली ग्रीक कुटुंबं मठांत गर्दी करतात. दोन, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास मागे जातं. सूर्यास्त शनिवारी साडेसहाच्या पुढे असेल, तर रविवारी साडेपाचच्या पुढे. आमच्या गटातल्या एका काकांनी हातातलं जुनं घड्याळ बदललंच नाही. सूर्योदयाला ते तासभर आधी, थंडीत, अंधारात एकटेच उभे होते, आणि वर आम्हालाच उशीर झाला म्हणून रागावले.

माझा सल्ला तुमच्यासाठी असा: आतून तीन मठ बघा, उरलेले तीन (वार्लाम, रूसानू आणि आगिया त्रियादा) बाहेरून. ही तडजोड नाही. जे तीन मी बाहेरून बघा म्हणतेय ते बाहेरूनच जास्त देखणे आहेत.

आतून बघायचा पहिला आगिओस स्तेफानोस, कारण तिथे आईंना जाता येईल. रस्त्यावरून एक छोटा पूल ओलांडला की थेट दारात, पायऱ्यांची चढण नाही. हा साध्वींचा मठ, अंगण फुलझाडांनी भरलेलं, आणि कठड्यावरून खाली कलांबाका आणि पिनिओस नदीचं सपाट खोरं दिसतं. दुसऱ्या महायुद्धात ह्या मठाचं बरंच नुकसान झालं, त्यामुळे आत काही चित्रं नवी आहेत. ते खटकतं असं काही जण म्हणतात. मला मात्र आजही कोणीतरी त्याच पद्धतीने रंगवतंय हे आवडतं. सकाळी दार उघडताच जा, अथेन्सहून एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्या बसगाड्या अजून वाटेत असतात.

दुसरा मेगालो मेतेओरो, म्हणजे अथानासिओसचा तो मोठा मठ. हा आईंना झेपणार नाही, स्पष्ट सांगते. इथे आधी जिना उतरायचा, घळीत जायचं आणि मग कड्यात खोदलेल्या पायऱ्या चढायच्या, सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास. येताना पुन्हा तेच उलट. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे तुम्हाला माहीत असेलच. मठाकडे जाणारा एक उघडा पाळणा तारेवरून लोंबकळताना दिसेल आणि आई विचारतीलच, ‘त्यात नाही का बसवत?’ नाही. तो मठवासी आणि त्यांच्या सामानासाठी आहे. आईंना गाडीत किंवा जवळच्या चहाकॉफीच्या गाड्याशी बसवून तुम्ही दोघं तासा-दीड तासात वर जाऊन येऊ शकता, किंवा आळीपाळीने जा.

वर गेल्यावर जुनं स्वयंपाकघर चुकवू नका. छत काजळीने इतकं काळं झालंय की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की मधली चूल दिसते, मग भिंतीला टांगलेले लाकडी मोठे चमचे, मातीची भांडी, आणि वर धूर जायचं भोक. माझ्या आजोळचं स्वयंपाकघर पंचवीस वर्षांपूर्वी अगदी असंच दिसायचं, म्हणून मी तिथे जरा जास्तच रेंगाळते. पुढे एका छोट्या खिडकीतून आत डोकावलं की फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कवट्या दिसतात. आधीच्या मठवासीयांच्या आहेत. आणि चर्चच्या ओवरीत हुतात्म्यांच्या छळाची चित्रं आहेत, शिरच्छेद, चाकाला बांधणं, सगळं तपशीलवार. लहान मूल बरोबर असतं तर मी सावध केलं असतं.

ह्या मठात जायची वेळ मात्र मी दुपारची निवडते, बंद व्हायच्या तास-सव्वा तास आधी. कारण बाहेर, कठड्याशी आहे. इथून पूर्वेला, घळीच्या पलीकडे, वार्लामचा मठ समोरासमोर दिसतो. सकाळी तो सावलीत असतो. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट त्याच्या तोंडावर येतं, लाल कौलं, मलईच्या रंगाच्या भिंती आणि खाली सरळ तुटलेला कडा सगळं उजळतं. वार्लाम आत जाऊनही सुंदर आहे, खोटं बोलत नाही. तिथे पाणी साठवायचं एक अवाढव्य लाकडी पिंप आहे, ज्यात बारा-तेरा टन पाणी मावायचं. तिथलं मोठं चर्च 1541-42 मध्ये झालं. सामान दोराने वर चढवायला बावीस वर्षं लागली आणि बांधून वीस दिवसांत झालं असं सांगतात. पण तुमच्याकडे वेळ मोजकी आहे, आणि वार्लामचा तो बेफाम उभेपणा समोरून कळतो तसा आतून कळत नाही.

तिसरा आगिओस निकोलाओस अनापाफ्सास. कस्त्राकीहून वर येताना पहिलाच, एका अरुंद सुळक्यावर मजल्यावर मजले चढवलेला छोटासा मठ. बसगाड्यांतली गर्दी बहुतेक ह्याला टाळून पुढे जाते. आतलं चर्च एवढंसं की दहा माणसं उभी राहिली की भरतं, आणि त्या एवढ्याशा जागेत क्रीटच्या थेओफानिसने 1527 मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. त्यात आदम प्राण्यांना नावं देतोय असं एक चित्र आहे. आदम बसलेला, समोर सगळे प्राणी रांगेने. त्या चित्रापुढे मी एकदा वीस मिनिटं उभी होते आणि दारातले साधूबाबा शेवटी हसले. पायऱ्या इथेही आहेत, पण मोठ्या मठाच्या मानाने बऱ्याच कमी. आईंना त्या दिवशी कसं वाटतंय त्यावर ठरवा. आग्रह करू नका.

आता आतल्या फोटोग्राफीचं. चर्चच्या आत फोटो काढायचे नाहीत. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, इथे त्याहून कडक: फ्लॅशसकट नाही, फ्लॅशशिवाय नाही, मोबाइलनेही नाही. पाटी असते, आणि पाटी नसली तरी कोणीतरी बघत असतं. अंगणात, सज्जात, कठड्यावर काढायला हरकत नसते. ट्रायपॉड आत उघडू नका. साधू-साध्वींचे फोटो न विचारता काढू नका, लांबून मोठ्या लेन्सने तर मुळीच नाही. विचारायचं असेल तर कॅमेऱ्याकडे बोट करून ‘बोरो?’ एवढं म्हणा, म्हणजे ‘काढू का?’. बहुतेक वेळा उत्तर मान हलवून नाही असंच येतं. पण इथे एक गंमत आहे: ग्रीक माणूस ‘नाही’ म्हणताना मान वर उचलतो, भुवयाही उडवतो, आणि आपल्याला ते ‘काय?’ असं वाटतं. त्यांचं ‘हो’ म्हणजे ‘ने’, जे आपल्या कानाला नकारासारखं लागतं. एका साध्वीबाईंनी मला दोनदा मान उचलून नकार दिला आणि मी दोन्ही वेळा हसून पुन्हा विचारलं. नंतर कळलं तेव्हा लाज वाटली.

कपड्यांचं: पुरुषांना पूर्ण पँट, बायकांना गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट आणि झाकलेले खांदे. जीन्स घातलेल्या बाईला दारात गुंडाळायला एक कापड देतात. आईंची साडी असेल तर प्रश्नच नाही. मी पंजाबी ड्रेसवर गेले तेव्हा कुठे तसंच सोडलं, कुठे वरून कापड गुंडाळायला लावलं, दारात कोण आहे त्यावर अवलंबून. म्हणून पत्नीने स्वतःची एक मोठी ओढणी किंवा लुंगीसारखं कापड पिशवीत ठेवावं, तिथली सार्वजनिक कापडं घामट असतात. प्रत्येक मठाचं तिकीट वेगळं, काही युरोंचं, आणि रोखीने. सुटे ठेवा.

फोटोंच्या जागांकडे वळू. दोनच सांगते, दोन्ही रस्त्याला लागून आहेत, आईंनाही गाडीतून उतरून दोन पावलांत दिसतील अशा.

पहिली, प्सारोपेत्रा. स्तेफानोसकडून रूसानूकडे येणाऱ्या रस्त्यावरची ही उघडी खडकाळ जागा. इथून वायव्येला रूसानू, वार्लाम, मेगालो मेतेओरो एका नजरेत येतात, खाली दरीत अनापाफ्सास. सगळे सूर्यास्ताला इथेच जमतात. जूनमध्ये सूर्य जवळजवळ ह्या मठांच्या मागेच बुडतो, त्यामुळे काळ्या आकृत्या आणि केशरी आकाश मिळतं. ते पोस्टर तुम्ही हजारदा पाहिलंय. पण ऑक्टोबरअखेर सूर्य बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो, तो मठांच्या डावीकडे, लांब मावळतो. मग तेच ऊन कड्यांना बाजूने घासत जातं, प्रत्येक खळगा, प्रत्येक रेघ उठून दिसते. म्हणजे जूनचा फोटो डोक्यात घेऊन आलात तर निराश व्हाल, आणि समोर काय आहे ते बघितलंत तर खूश. माझ्या अनुभवात ही जागा पहाटेच जास्त देते. सूर्य पाठीमागून वर येतो, आधी मोठ्या मेतेओरोच्या कौलांना लागतो, मग वार्लामला, मग हळूहळू खाली उतरत रूसानूला. अनापाफ्सासला ऊन पोहोचेपर्यंत थर्मासमधला चहा संपलेला असतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल आणि आकाश निवळलं असेल तर गजर लावाच. अशा सकाळी खालच्या खोऱ्यातलं धुकं कधीकधी सुळक्यांमध्ये शिरतं. कधीकधी म्हणतेय. नऊ खेपांत मला ते नीट असं तीनदाच मिळालं.

इथे कठडे नाहीत. खडक पावसाने किंवा दवाने ओला असेल तर त्या गुळगुळीत गोट्यांवर बूट सरकतो. माझ्या हातातलं लेन्सचं झाकण एकदा निसटलं, टक्-टक्-टक् असे तीन आवाज आले, आणि चौथा आलाच नाही. त्या दिवसापासून मी कडेपासून एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर ठेवते. तुम्हीही ठेवा.

दुसरी जागा त्याच रस्त्यावर, आगिया त्रियादाच्या अलीकडे. हा मठ सगळ्यांत एकाकी सुळक्यावर आहे, हॉलिवुडवाल्यांनी 1981 च्या एका बाँडपटात वापरलेला. त्याच्यामागे खोल खाली कलांबाका आणि त्यापलीकडे सपाट शेतं. संध्याकाळचं ऊन त्याच्या पश्चिम बाजूवर येतं. पण माझा फोटो त्यानंतरचा आहे: सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश निळं पडतं, खाली गावातले दिवे लागतात आणि वरचा मठ अजून आकाशाच्या उजेडात दिसत असतो. तोपर्यंत निम्मे लोक गाड्या वळवून जेवायला गेलेले असतात. पहिल्या संध्याकाळी इथे थांबा, दुसऱ्या दिवशी पहाटे प्सारोपेत्रा, आणि मग हवामान बघून उरलेल्या दोन वेळांपैकी जी चांगली असेल ती आधी जिथे ढग आडवे आले तिथे.

लेन्सबद्दल लोकांना वाटतं की एवढा मोठा देखावा म्हणजे वाइडच (रुंद कोनाची लेन्स) लागणार. वाइड लावलीत की मठ काडेपेटीएवढे होतात आणि पुढचा खडक अर्धा फोटो खातो. माझे ठेवावेसे वाटलेले फोटो बहुतेक 70 ते 135 मिलिमीटरमधले आहेत. एक 24-70 आणि एक 70-200 असेल तर पुरे. एकच न्यायची झाली तर 24-105 किंवा तत्सम. मोबाइलनेच काढणार असाल तर दोन किंवा तीनपट झूमची लेन्स असलेला फोन चांगला, बोटांनी ताणून मोठं करू नका. संध्याकाळी आकाश आणि दरी ह्यांच्या उजेडात इतका फरक असतो की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दोन-दोन स्टॉपच्या (उजेडाच्या पायऱ्यांच्या) फरकाने तीन फोटो घ्या, नंतर जोडा. घरी आल्यावर जोडायचा कंटाळा येणार असेल तर (मला येतो) आकाशाच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर ठेवा आणि खालचं काळं राहू द्या. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर दिवसा कौलांवरची चकाकी कमी करायला बरा. वाइडवर लावलात तर निळ्या आकाशाला मधेच गडद डाग पडतो, तो नंतर काढता येत नाही.

राहायचं कस्त्राकीत की कलांबाकात? आईंसाठी कलांबाका सोयीचं: सपाट रस्ते, औषधाची दुकानं, खानावळी. फोटोंसाठी कस्त्राकी, खिडकी उघडली की कडा. गाडी भाड्याने घेणार असाल तर कुठेही राहा. नसाल तर मठांकडे जाणारी बस आहे, पण पहाटेला तिचा उपयोग नाही. रात्रीच टॅक्सीवाल्याला वेळ सांगून ठेवा आणि परतीचंही तेव्हाच ठरवा. अथेन्सहून कलांबाका साधारण साडेतीनशे किलोमीटर. 2023 च्या सप्टेंबरात डॅनियल वादळाने थेस्सलीत पूर आला तेव्हा इकडच्या रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान झालं होतं. म्हणून जुन्या लेखांत ‘अथेन्सहून थेट गाडी’ वाचलंत तरी तिकिटाच्या तारखेला काय चालू आहे ते तपासूनच बेत करा. त्रिकाला इथे बदलून बसनेही येता येतं.

एवढं सगळं मिळून तुमचा बेत माझ्या डोळ्यांपुढे असा येतो. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा, आईंना आराम, संध्याकाळी सगळे त्रियादाच्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही एकटे प्सारोपेत्राला, ऊन वर आलं की परत. नाश्ता करून नऊला सगळे स्तेफानोसला. मग अनापाफ्सास, जमलं तर आईंसह. जेवण, आणि दुपारी तुम्ही दोघं मोठ्या मठात. त्या वेळात आईंना वर ताटकळायचं नसेल तर कलांबाकात एक निसर्ग-संग्रहालय आहे, भुसा भरलेले प्राणी आणि तऱ्हेतऱ्हेच्या अळंब्या, तिथे सोडा. माझी सासू तिथून बाहेर यायला तयार नव्हती. संध्याकाळी जे राहिलं ते. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस असेल तर झोपा.

वाटेत कुठल्याही मठात आईंना मेणबत्ती लावाविशी वाटली तर लावू द्या, कोणी हरकत घेत नाही. दारातल्या पेटीत नाणं टाकायचं, मधमाश्यांच्या मेणाची बारीक पिवळी कांडी घ्यायची, आधीच्या एखाद्या ज्योतीवर पेटवायची आणि वाळूत खोचायची. वाळू कधीकधी वरून घट्ट झालेली असते, कांडी जोराने दाबली की मधेच मोडते. बोटाने आधी छोटा खळगा करून घ्यायचा.